घरचा कचरा: पुण्यातल्या सोसायट्यांमधून नेहमी येणारे प्रश्न

आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत आवारातच होतं. हे कळल्यापासून शेजारच्या सोसायट्यांमधली मंडळी काही ना काही विचारत असतात. कुणी जिन्यात गाठतं, कुणी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवून ‘हे कशात टाकू?’ असं विचारतं. त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उदाहरणं पुण्याची आहेत, पण नाशिक, ठाणे, कोल्हापूरच्या घरांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

कचरा नेमका किती प्रकारांत वेगळा करायचा?

केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी घराघरात तीन प्रकार वेगळे करणं बंधनकारक केलं: ओला, सुका आणि घरगुती घातक. सॅनिटरी कचरा, म्हणजे वापरलेले पॅड, डायपर वगैरे, त्यात गुंडाळून सुक्याच्या डब्यात टाकायला सांगितला होता. माझा आग्रह आहे की तो चौथा, वेगळा ठेवा. का, ते पुढे येईल.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच: ओट्याखाली ओल्याचा डबा, गॅलरीत सुक्याची गोणी, बाथरूममध्ये झाकणाचा एक लहान डबा, आणि माळ्यावर एक खोकं.

जे कुजतं ते ओलं. भाजीची देठं, सालं, उरलेलं अन्न, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, हाडं, काटे, सुकलेली फुलं. खरकटा टिश्यू आणि तेल प्यालेला वडापावचा कागदही ओल्यातच, कारण तो रद्दीत कुणी घेत नाही. कागद, पुठ्ठा, प्लॅस्टिक, काच, पत्रा, कापड हे सुकं. फुटलेली काच आणि ब्लेड मात्र गोणीत तसंच टाकू नका. जाड कागदात गुंडाळा, वर ‘काच’ असं लिहा आणि हातात देताना तोंडानेही सांगा. घातक म्हणजे बॅटरी, ट्यूब, औषधं, सुया, किटकनाशकाचे डबे. ही खोक्याची मालमत्ता.

आम्ही वेगळं करून देतो, पण गाडीत सगळं एकत्रच जातं. मग उपयोग काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो.

आधी बघा, गाडीत जाण्यापूर्वी काय घडतं. पुण्याच्या मोठ्या भागात दारात येऊन कचरा घेतात त्या कचरावेचक ताई. ढकलगाडीवर बादल्या लावून त्या इमारती फिरतात, मग फीडर पॉइंटवर येतात, म्हणजे महापालिकेची मोठी गाडी जिथे थांबते तिथे. गाडी यायच्या आत त्या खाली बसून विकला जाणारा सुका माल बाजूला काढतात: पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या, पत्रा. त्या मालाचे पैसे त्यांचे असतात. उरलेलं गाडीत जातं. लांबून पाहणाऱ्याला फक्त हा शेवटचा टप्पा दिसतो, आणि ‘सगळं एकत्र टाकलं’ असं वाटतं.

एकदा सकाळी नऊच्या सुमाराला तुमच्या भागातल्या फीडर पॉइंटवर जाऊन उभे राहा. गाठ मारलेली काळी पिशवी ताई कशी उघडतात ते बघा. आतून काल रात्रीची आमटी, त्यात भिजलेला पेपर, पेपराला चिकटलेलं डायपर आणि तळाशी दाढीचं ब्लेड निघतं. हात आत घातल्याशिवाय यातलं काहीच सुटं होत नाही. कोरडा पेपर किलोच्या भावाने विकला जातो. त्यावर आमटी सांडली की त्याचे पैसे गेले, आणि तो पेपर उन्हात वाळवण्याची मेहनत वाढली. तुमच्या ओट्याजवळ एका सेकंदात होणारं काम ताईंना तिथे उकिडवं बसून, वासात, उघड्या हातांनी करावं लागतं. वेगळं करून देण्याचा उपयोग इथे होतो. गाडीचं पुढे काहीही होवो, या हातांसाठी तो झालेला असतो.

आता दुसरी बाजू. काही ठिकाणी वेगळा दिलेला कचरा खरोखरच पुन्हा एकत्र होतो, आणि ते चूक आहे. तसं दिसलं तर नेमकं कुठे होतं ते शोधा: सोसायटीच्या आवारात हाऊसकीपिंगचा माणूस करतो, फीडर पॉइंटवर होतं की गाडीत? आमच्या पाहण्यात सर्वांत जास्त वेळा ते सोसायटीच्या फाटकाच्या आतच होतं. मजल्यामजल्यावरून डबे आणणाऱ्याकडे एकच मोठं पिंप दिलेलं असतं, मग तो बिचारा काय करणार? त्याला दोन पिंपं द्या. गाडीत होत असेल, तर तारीख, वेळ आणि फोटोसह तुमच्या आरोग्य कोठीवर, म्हणजे महापालिकेच्या सफाई कामाच्या स्थानिक चौकीवर, मुकादमांना भेटा, आणि तिथे दाद लागली नाही तर आरोग्य निरीक्षकांकडे लेखी द्या. महापालिकेच्या अॅपवर तक्रार करता येतेच, पण कोठीवर चार रहिवासी मिळून गेले की काम लवकर हलतं.

आम्ही मिळकत कर भरतो. कचऱ्याचे महिन्याचे पैसे वेगळे कशाला द्यायचे?

कारण दारात येणाऱ्या ताईंना महापालिकेचा पगार नाही. तुम्ही देता ते शुल्क आणि विकलेला सुका माल, या दोनच गोष्टींवर त्यांचं घर चालतं. करातून झाडलोट, वाहतूक, प्रक्रिया हा पुढचा खर्च होतो.

इथे थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तो पुण्याने अभिमानाने सांगावा असा आहे. कचरा वेचणाऱ्या बायकांमध्ये अनेकींच्या घरांनी १९७२ च्या दुष्काळात गाव सोडलेलं. बहुतेक दलित समाजातल्या. रस्त्यावरच्या कचराकुंडीत वाकून भंगार शोधणं हेच काम, आणि त्यावर चोरीचा संशय, पोलिसांचा त्रास. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून कार्यकर्त्या त्यांच्यापर्यंत पोचल्या. कचरा कुंडीत पडून घाण व्हायच्या आधीच, घरातूनच वेगळा मिळाला तर काम सुसह्य होईल हा विचार त्या संवादातून पुढे आला. १९९३ मध्ये ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही त्यांची संघटना उभी राहिली. हमाल पंचायतीचा अनुभव असलेले डॉ. बाबा आढाव तिच्या पाठीशी होते. संघटनेने दिलेल्या ओळखपत्रांना पुढे महापालिकेने मान्यता दिली. या बायका कामगार आहेत, हे त्यामुळे कागदावर आलं. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने महापालिकेशी करार केला, आणि कुंडीपाशी उभ्या राहणाऱ्या बायका तुमच्या दारात हक्काने येऊ लागल्या. आज या संस्थेत तीन हजारांहून जास्त कचरावेचक आहेत.

तेव्हा महिन्याचे पैसे वेळेवर द्या आणि पावती घ्या. त्यांना सुट्टी असते, आजारपण असतं, घरी लग्नकार्य असतं. बदली कोण येणार ते आधी विचारून ठेवा. ‘ए कचरेवाली’ अशी हाक तर मारूच नका. ताई, मावशी, किंवा सरळ नाव. नाव विचारलं की त्या सांगतात.

सॅनिटरी पॅड आणि डायपर कसे द्यायचे?

वर्तमानपत्रात घट्ट गुंडाळा, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढा, आणि वेगळे हातात द्या. पुण्यात ही लाल ठिपक्याची पद्धत कचरावेचकांनीच रुजवली. ठिपका दिसला की पुडी उघडायची नाही, हे त्यांना बाहेरूनच कळतं. २०१३ मध्ये त्यांनी वापरलेले पॅड गोळा करून थेट ते बनवणाऱ्या कंपन्यांना पाठवले होते. माल तुम्ही बनवता, तर वापरानंतरची जबाबदारीही तुमची, हे सांगण्यासाठी. २०१६ च्या नियमांत विल्हेवाटीसाठी पाकीट देण्याची जबाबदारी उत्पादकांवर घातली गेली. पाकीट मिळो न मिळो, घरात रद्दी असतेच.

डायपरमधली शी आधी कमोडमध्ये टाकायची, मग डायपर गुंडाळायचं. हे काम आईबाबांचं आहे, कचरा उचलणाऱ्याचं नाही. जखमेच्या पट्ट्या, कापूस, निरोध, आजारी माणसाचे मोठे डायपर, सगळ्याला हाच नियम. घरात इन्सुलिन घेणारं कुणी असेल तर सुया पुडीतही नकोत. जाड प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटलीत टाकत जा, भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करा आणि दवाखान्यात किंवा औषधाच्या दुकानात घेतात का विचारा.

मासिक पाळीसाठी कापडी पॅड किंवा सिलिकॉनचा कप वापरणाऱ्या मुली आता बऱ्याच आहेत. एक कप नीट राखला तर कित्येक वर्षं चालतो. पण हा निर्णय ज्या बाईचा तिनेच घ्यायचा आहे. घरातल्या इतरांनी तिला त्याबद्दल भाषण देऊ नये.

सुका कचरा धुवायचा का? त्यात पाणी वाया नाही का जात?

भांडी घासून झाल्यावर सिंकमध्ये जे पाणी असतं त्यात दुधाची पिशवी, दह्याचा डबा एकदा हिसळून घ्या. तेवढं पुरतं. तेलाची पिशवी उभी कापून निथळू द्या आणि कागदाने पुसा. पाणी असं फारसं लागत नाही, आणि गोणीला वास येत नाही, झुरळं होत नाहीत. मग गोणी आठवड्यातून एकदा दिली तरी चालते.

दुधाच्या पिशवीचं एक सांगते. कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नका, लटकताच ठेवा. तो नखाएवढा तुकडा हाताला सापडत नाही, भंगारात जात नाही. तो खतात येतो, नाल्यात जातो, गाईच्या पोटात जातो. आमच्या खताच्या चाळणीत सगळ्यात जास्त काय सापडत असेल तर हे निळे-पांढरे कोपरे आणि फळांवरचे स्टिकर.

कुठलं प्लॅस्टिक विकलं जातं आणि कुठलं नाही?

डब्याच्या तळाशी त्रिकोणात आकडा असतो. १ म्हणजे पाण्याच्या बाटलीचं ‘पेट’ (PET) प्लॅस्टिक. २ म्हणजे शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन यांचं जाड प्लॅस्टिक. ४ मध्ये दुधाच्या पिशव्या येतात, ५ मध्ये बरेचसे खाऊचे डबे. या चारांना भंगारात गिऱ्हाईक आहे. ३ म्हणजे पीव्हीसी, ६ म्हणजे पॉलिस्टायरीन, थर्माकोल त्यातलंच. ७ मध्ये उरलेले सगळे. यांची वाट बिकट असते.

सगळ्यात मोठी अडचण आहे ती चकाकणाऱ्या पाकिटांची: वेफर्स, बिस्किटं, गुटखा, शाम्पूच्या पुड्या. प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना असे चिकटवलेले असतात की ते पुन्हा सुटे करणं परवडत नाही. म्हणून भंगारवाले ती घेत नाहीत, आणि टेकड्यांवर, नदीकाठी तीच पडलेली दिसतात. वेगळी गोळा झाली तर ती सिमेंटच्या भट्ट्यांमध्ये इंधन म्हणून जाळतात. ते उकिरड्यावर पडण्यापेक्षा बरं, इतकंच. त्याला पुनर्वापर म्हणू नये. मोठं पाकीट घ्या, दहा छोटी नकोत. आणि वेफर्स तर कोपऱ्यावरच्या दुकानात वजनावर मिळतात, डबा घेऊन जा.

प्लॅस्टिकबंदी अजून आहे का?

आहे. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला अधिसूचना काढली आणि २३ जूनपासून कारवाई सुरू झाली. पहिल्या वेळी ५,००० रुपये दंड, दुसऱ्या वेळी १०,०००, तिसऱ्या वेळी २५,००० आणि तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. हिचं मूळ त्याही आधीचं आहे: २६ जुलै २००५ च्या मुंबईच्या महापुरात तुंबलेल्या गटारांमध्ये पिशव्यांचा किती वाटा होता हे सगळ्यांनी पाहिलं, आणि २००६ मध्ये राज्याने अविघटनशील कचऱ्यावर कायदा केला. देशभरात स्ट्रॉ, प्लॅस्टिकचे चमचे, थर्माकोलची सजावट अशा एकदाच वापरायच्या वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे.

मंडईत आता कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या मिळतात. ते कापड नाही, पॉलिप्रोपिलीन आहे; उन्हात ठेवली की काही महिन्यांत तिचा भुगा होतो. आणि ‘कंपोस्टेबल’ लिहिलेली पिशवी खरी असली तरी ती मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत कुजते. घरच्या कुंडीत ती महिनोन् महिने तशीच राहते. ओल्या कचऱ्याच्या डब्यात पिशवी घालायचीच कशाला? तळाशी वर्तमानपत्राची घडी घाला, डबा रिकामा करताना कागदासकट जातो.

पुण्याचा कचरा शेवटी जातो कुठे?

कोथरूडला ‘कचरा डेपो’ नावाचा थांबा ज्यांनी ऐकलाय त्यांना आठवेल, एकेकाळी शहराचा कचरा तिथेच पडायचा. कोथरूड वाढलं, लोकांनी तक्रारी केल्या, आणि नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तो गेला शहराबाहेरच्या उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांत. तिथल्या लोकांनी तो मागितला नव्हता. विहिरींच्या पाण्यात कचऱ्याचा काळा रस उतरला, विहिरी असून लोकांना टँकरच्या पाण्यावर राहावं लागलं. माश्या, धूर, डेपोला लागणाऱ्या आगी. गावकऱ्यांनी वेळोवेळी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे पुण्याच्या रस्त्यांवर कचरा साचला आणि आपल्याला फुरसुंगी कुठे आहे ते कळलं.

त्यानंतर शहरात ठिकठिकाणी प्रक्रिया प्रकल्प झाले, उघड्यावर कचरा टाकणं कमी झालं, जुन्या ढिगांचं बायोमायनिंग, म्हणजे ते उकरून, चाळून वेगळे करणं, सुरू झालं. पण गणित बदललेलं नाही. घरच्या कचऱ्यात वजनाने निम्म्याच्या आसपास ओला असतो. रस आणि वास त्याचाच. ढिगात दाबला गेला की हवा न मिळाल्याने त्यातून मिथेन वायू निघतो आणि आगी धुमसत राहतात. मुंबईत देवनारला १९२७ पासून कचरा पडतोय; २०१६ च्या जानेवारीतल्या तिथल्या आगीचा धूर शहरावर कित्येक दिवस होता. ओला कचरा ज्या आवारात तयार झाला तिथेच जिरवला, तर कुठल्याही गावावर तो लादावा लागत नाही. मला या सगळ्या पानातून एकच गोष्ट पटवून द्यायची असेल तर ती ही.

फ्लॅटमध्ये खत कसं करायचं? वास येत नाही?

नीट केलं तर पावसात भिजलेल्या मातीसारखा वास येतो, दुसरा कुठलाही नाही.

रंगाची जुनी बादली, प्लॅस्टिकचं क्रेट किंवा मोठी कुंडी घ्या. बाजूंना आणि तळाला भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी नारळाच्या शेंड्या किंवा काटक्यांचा थर द्या. मग रोजचा ओला कचरा शक्य तितका बारीक करून टाका, आणि प्रत्येक वेळी त्यावर तेवढाच वाळलेला पाला किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुगा. ही जोडी मोडायची नाही. ओल्यात नत्र (नायट्रोजन) जास्त, पाल्यात कर्ब (कार्बन) जास्त. सूक्ष्मजीवांना दोन्ही लागतं. सुरुवातीला एखादी मूठ जुनं खत, शेण, किंवा वाटीभर आंबट ताक घाला. आठवड्यातून दोनदा खालवर करा. मूठभर उचलून दाबा: हाताला ओल लागली पाहिजे पण थेंब गळता कामा नये.

अडचणी आल्या की असं करा. आंबूस, कुजका वास म्हणजे पाणी जास्त, हवा कमी. भरपूर पाला घालून ढवळा. मुंग्या म्हणजे फार कोरडं; पाणी शिंपडा. पांढरी बुरशी दिसली तर आनंद माना, काम नीट चाललंय. चिलटं झाली तर वरचा पाल्याचा थर जाड करा. अळ्या पाहून बऱ्याच जणी हे सोडून देतात, म्हणून मुद्दाम सांगते: जाड, बदामी अळ्या काळ्या सैनिक माशीच्या असतात. त्या चावत नाहीत, ती माशी घरातल्या अन्नावर बसत नाही, आणि कचरा त्या भराभर खातात. बघवत नसेल तर वर पाला टाकून झाका.

साधारण दोन महिन्यांत खत होतं. दोन बादल्या आलटूनपालटून वापरा. चाळून एक भाग खत तीन भाग मातीत मिसळा.

आणि पाला आधी साठवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळ, शिरीष, बदाम झडतात तेव्हा चार गोण्या भरून ठेवल्या तर जुलैत हात आखडावा लागत नाही. पावसाळ्यात वाळलेलं पान कुठे मिळणार? आमच्याकडे आंब्याच्या दिवसांत दुप्पट पाला लागतो, साली आणि कोयींना पाणी फार. कोयी कुजायला खूप वेळ घेतात. त्या वाळवून वेगळ्या काढा.

खतात काय घालू नये?

मासळी-मटणाची हाडं सुरुवातीला नको, उंदीर येतात. ती रोजच्या ओल्यात द्या. पातळ आमटी, जास्त तेल, ताकाचे ग्लासच्या ग्लास नको. करवंट्या आणि शहाळी वेगळी. टी-बॅगमध्ये बहुतेक वेळा प्लॅस्टिकचे धागे असतात, चोथा काढून पिशवी बाजूला. झाडलोटीची धूळही नको.

सोसायटीत सामायिक खत करायचं असेल तर सुरुवात कशी करावी?

२०१६ च्या नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या बंदिस्त वसाहतींना आणि दिवसाला शंभर किलोहून जास्त कचरा होणाऱ्यांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. पण पन्नास घरांच्या सोसायटीलाही ते जमतं, किंबहुना जास्त सोपं जातं.

महागडं यंत्र घेऊन सुरुवात करू नका. कचरा गरम करून चोवीस तासांत ‘खत’ देणारी यंत्रं बहुतेक वेळा फक्त वाळवलेला भुगा देतात. तो ओला झाला की पुन्हा कुजायला लागतो, आणि विजेचं बिल वेगळं. विटांचे जाळीदार हौद किंवा मोठे क्रेट पुष्कळ झाले. हौद सावलीत, वर पत्रा, पाणी जवळ. वाळलेल्या पाल्यासाठी त्याच्या शेजारी एक हौद.

खरा प्रश्न माणसांचा असतो. रोज कोण बघणार? ‘सगळे मिळून करू’ म्हणजे महिन्याभरात कुणीच नाही. तुमच्याकडे येणाऱ्या कचरावेचक ताईंना हे काम विचारा; त्यासाठी ठरलेला वेगळा मोबदला आणि हातमोजे, गमबूट द्या. त्यांना या कामाची जाण आपल्यापेक्षा जास्त असते. सोबत दोन रहिवाशांनी रोज डबे बघायचे, पहिले काही आठवडे तरी. मिश्र डबा आला की ओरडायचं नाही, दार वाजवून दाखवायचं: हे बघा काका, हे प्लॅस्टिक. दुसऱ्यांदा सहसा वेळ येत नाही. भाडेकरू बदलले की पुन्हा सांगायचं, आणि घरकामाच्या मावशींना तर सगळ्यात आधी, कारण बऱ्याच घरांत डबा भरणारे हात त्यांचे असतात.

गांडूळखत प्रकल्प, सौरऊर्जा, पर्जन्यजलसंधारण यांना पुणे महापालिका मिळकतकरातल्या सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सवलत देत आली आहे. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत हा मुद्दा आधी मांडा, मग इतर.

पालापाचोळा जाळला तर काय बिघडतं? गावाकडे सगळे जाळतात.

त्या धुरातले बारीक कण थेट फुप्फुसात जातात, आणि पाल्यात प्लॅस्टिक असेल तर डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला देशभर बंदी घातली: साधा कचरा जाळला तर ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. थंडीत पहाटे शेकोटीत पिशव्या जाळणारे वॉचमन दादा दिसले तर त्यांना दंडाची भीती घालण्याआधी स्वेटर आणि हीटरची सोय करा.

निर्माल्य आणि गणपतीची मूर्ती?

फुलं, दूर्वा, पत्री सरळ खतात. दोरा, प्लॅस्टिकची पिशवी, थर्माकोलचे मणी काढून घ्या. नदीत टाकून पुण्य लागत नाही, मुठेचं पाणी एकदा पुलावरून बघून ठरवा.

शाडूची मूर्ती बादलीत काही तासांत विरघळते, गाळ वाळवून पुढच्या वर्षी मूर्तिकाराला देता येतो. प्लॅस्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात विरघळत नाही. त्यासाठी पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटची पद्धत दिली. महापालिका ही पावडर उत्सवात वाटतही आली आहे. मूर्तीच्या वजनाएवढी पावडर पाण्यात घालून मूर्ती त्यात ठेवायची आणि अधूनमधून ढवळायचं. साधारण दोन दिवसांत तळाशी कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसतो, वर अमोनियम सल्फेटचं पाणी राहतं, जे पातळ करून झाडांना घालता येतं. बादली गॅलरीत ठेवा, वास उग्र असतो. त्यातही घरात शाडूचीच लहान मूर्ती आणणं सगळ्यात सोपं.

बॅटरी, मोबाइल, औषधं, ट्यूबलाइट?

खोक्यात साठवा, ई-कचऱ्याच्या संकलन मोहिमेत द्या. ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा असतो, फोडू नका. मुदत संपलेली औषधं कमोडमध्ये ओतू नका. फुगलेली मोबाइलची बॅटरी कधीच कचऱ्यात नको, गाडीत दाबली गेली की पेट घेते.

जुन्या कपड्यांचं काय करावं?

बोहारीण येत असेल तर तिला द्या. भांड्याच्या बदल्यात कपडे नेणाऱ्या या बायका कपडे धुऊन, दुरुस्त करून जुन्या बाजारात विकतात. कितीतरी घरांना त्यातून परवडणारं कापड मिळतं. सुती लुगडी, धोतरं असतील तर गोधडी शिवून घ्या, शिवणाऱ्या बायका अजून आहेत. ‘दान’ म्हणून फाटके, मळके कपडे पाठवू नका. संस्थांना ते फेकायला पुन्हा खर्च येतो.

घरी कार्य आहे, शंभर माणसं जेवायला. कचरा कमी कसा करता येईल?

स्टीलची ताटं-वाट्या भाड्याने मिळतात, धुणाऱ्या बायकांसकट. ते जमत नसेल तर पळसाच्या किंवा सुपारीच्या पत्रावळी आणा. चंदेरी किंवा गुळगुळीत कागदाच्या पत्रावळी, द्रोण घेऊ नका. त्यावर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा असतो, त्या खतातही जात नाहीत आणि रद्दीतही. पाण्याच्या छोट्या बाटल्यांऐवजी पिंप आणि पेले. केटररला हे आगाऊ पैसे देताना सांगायचं. आदल्या दिवशी सांगितलं तर त्याचा माल आलेला असतो. आणि हात धुवायच्या जागेजवळ खरकट्याचं पिंप ठेवून तिथे एक माणूस उभा करा, तो एक माणूस सगळ्या पाट्यांपेक्षा जास्त काम करतो.

लहान गावात हे जमेल का? तिथे ना संस्था, ना गाड्या.

लहान गावात उलट लवकर जमतं. वेंगुर्ल्याचं उदाहरण जाऊन बघण्यासारखं आहे. तिथल्या नगर परिषदेने, रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना, घरोघरी कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली, ओल्याचा गॅस आणि खत केलं, सुका प्रकारवार निवडून विकला. जिथे डेपोचा ढीग होता तिथे आता बाग आहे आणि लोक ती पाहायला येतात. पाचगणीतही जुन्या कचरा डेपोच्या जागी ‘स्वच्छ भारत पॉइंट’ उभा राहिला. दोन्ही ठिकाणी यंत्रं साधीच होती. वेगळा न केलेला कचरा घ्यायचाच नाही, हे मात्र ठाम ठेवलं गेलं.

जुनी गादी, सोफा, कमोड, भिंत पाडल्याचा राडारोडा कुणाला द्यायचा?

रोजच्या कचऱ्यात नाही, आणि कोपऱ्यावर तर नाहीच. गादीतला कापूस पिंजणारे घेतात. सोफा, कपाट मोडून लाकूड-लोखंड भंगारवाला नेतो. राडारोडा महापालिकेच्या ठरलेल्या ठिकाणीच टाकायचा असतो. घरदुरुस्तीच्या ठेकेदाराशी बोलतानाच तो कुठे नेणार हे लिहून घ्या, नाहीतर तो रात्री नदीपात्रात रिकामा होतो. शंका असेल तर क्षेत्रीय कार्यालयात विचारा.